पाण्याखाली गेलेला मोहगावचा रस्ता

१७ मे १९८६. सकाळी अंगणात घमेल्यात पाणी घेऊन मी सायकलची ट्यूब दाबत बसले होते. बुडबुडे दोन ठिकाणांहून येत होते. गिट्टीचा खडा एकदम टायर फोडत नाही. तो टायरच्या जुन्या चिरेत शिरून बसतो आणि चालता चालता ट्यूब खातो. खडा काढला, कानशीने ट्यूब घासली, सोल्यूशन लावून दोन ठिगळं चिकटवली. तोवर ऊन अंगणात आलं होतं आणि सौंसरहून आणलेला लसींचा बर्फ डब्यात पाणी होऊ लागला होता.

मी उपकेंद्रावर नर्स होते. चाळिशी उलटली होती आणि खात्याची सायकल माझ्याइतकीच कुरकुरत होती. माझी अर्धी गावं तलावाच्या पलीकडच्या काठाला होती. तिकडे जायचे दोन रस्ते. एक पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, सपाट. पण सिंचाईवाल्यांनी त्यावर मोठी गिट्टी ओतली आणि रोलर फिरवायचं विसरले. दुसरा सागाच्या जंगलातून, मुरमाचा, चढ-उताराचा, मध्ये तीन नाले. त्या रस्त्यांवर सायकल चालवायची रीत वेगळी आहे. उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, अंग मागे टाकायचं, हँडल घट्ट धरायचं नाही. सायकल स्वतःची वाट शोधते, तिला शोधू द्यायची. दोनदा कोपर सोलून घेतल्यावर मी हे शिकले.

जंगलाचा रस्ता एका ठिकाणी अगदी पाण्यालगत येतो. तिथे माझ्या चाकांखालचा मुरमाचा आवाज पलीकडच्या दरडीवर आपटून परत यायचा. समोरच्या काठाने कुणीतरी बरोबरीने सायकल चालवत आहे असं वाटायचं. मी थांबले की तोही थांबायचा. तो प्रतिध्वनी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही पाणी प्यायला मी तिथे कधी थांबले नाही.

पलीकडचं गाव नवं होतं. जुनं गाव तलावाखाली गेलं होतं आणि लोकांना वर टेकाडावर प्लॉट मिळाले होते. बोलण्यातून मात्र जुनं गाव हललेलं नव्हतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकाने मला पुढची वाट सांगितली, "शाळेपासून डावीकडं वळा, मग पाराजवळून सरळ." तो बोट पाण्याकडे दाखवत होता. मी बोटाच्या रोखाने पाहिलं. तिथे दोन पाणकावळे पंख वाळवत बसले होते.

त्या गावात एका घरी मी पोलिओचे थेंब द्यायला जायचे. घरात सासू, सून आणि सुनेची लहान मुलगी. मुलगी माझ्याच हातावर जन्मली होती. तिने बाप पाहिला नव्हता. तलाव पहिल्यांदा भरत होता त्या पावसाळ्यात तो मोहगावच्या बाजाराला वखराची नवी पास, म्हणजे लोखंडी पातं, आणायला सायकलने गेला आणि परत आला नाही. निघताना नवराबायकोचं भांडण झालं होतं. नव्या प्लॉटवर आधी गोठा बांधायचा की चूल, एवढंच कारण. पण सगळ्यांनी ऐकलं होतं. मग कुणीतरी त्याला पांढुर्ण्याच्या स्टेशनावर नागपूरच्या गाडीत चढताना पाहिलं. कुणी पाहिलं ते कधी कळलं नाही, तरी गावाला तेवढं पुरलं.

सासू ते रोज बोलून दाखवायची. माझ्यासमोरसुद्धा.

"पाह्य बाई, हिच्या तोंडामुळं पयाला माहा पोरगा. नागपुरात मिलमंधी लागला असन. दुसरी केली असन. चांगली केली असन."

सून पोरीला मांडीवर धरून तिचं तोंड उघडायची, म्हणजे मला थेंब टाकता यावेत. कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत. मी निघाले की फाटकापर्यंत यायची आणि विचारायची, "बाई, पांढुर्ण्याले जानं झालं काय?" जिल्ह्याच्या मीटिंगला जाताना मी तिथून गाडी पकडत असे. मी सांगायचे, झालं, दिसला नाही. ती मान हलवायची. तिला काय हवं होतं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मला वाटायचं, तिला नवरा हवा आहे. तिला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती: तो तिला टाकून गेला की नाही.

त्या वर्षी पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं. मोहगावहून जुन्या गावाला जाणारा जुना रस्ता उघडा पडला होता. गुराखी म्हणत होते की चिखल वाळला आहे, गाडीबैल जाईल. मी त्या रस्त्याने कधी गेले नव्हते. पण पंक्चरने सकाळ खाल्ली होती, बर्फ वितळत होता, आणि जुना रस्ता सरळ होता. मी हँडल तिकडे वळवलं.

रस्ता एकदम खाली उतरतो. वरची गिट्टी धुऊन गेली होती, खालची सुटी झाली होती, आणि चाक त्यावर घसरत होतं. दोन्ही बाजूंना चिखलाची भेगाळलेली जमीन, बाभळींची काळी खोडं, एका घराचं जोतं. मी मागचा ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही, नुसती आडवी होऊ लागली. पाय टेकवून कशीबशी रोखली. तिथून चालत निघाले. सबंध उतारावर माझ्या चपलांचा आवाज होता आणि त्याला कुठूनही उत्तर येत नव्हतं. ते मला जास्त नको वाटलं.

खाली नाल्यावर रपटा होता, पुराचं पाणी वरून वाहून जातं असा ठेंगणा पूल. रपट्याच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, वाळलेल्या गाळातून सायकलचं हँडल वर आलं होतं.

मी माझी सायकल टेकवली आणि जवळ गेले. मर्दानी सायकल. मागचं चाक गाळात पुरलेलं, पुढचं अर्धं बाहेर. कॅरियरला तारेने काहीतरी बांधलं होतं, वर पोत्याच्या चिंध्या. चिंध्या बाजूला केल्या. वखराची पास होती. गंजून लाल झालेली, पण एका अंगाला वाकडेपणा नाही, झीज नाही. वापरलेली पास अशी नसते.

आजूबाजूला आणखी काही दिसतं का ते मी पाहिलं. काही दिसलं नाही. मग बर्फाची आठवण झाली आणि मी निघाले.

गावात आधी लसी टोचल्या. ते काम थांबण्यासारखं नव्हतं. सगळं उरकल्यावर सून बोरिंगवर पाणी भरताना एकटी सापडली. मी आडवळणाने बोलत नाही. सांगितलं, "जुन्या रस्त्यावर रपट्याजवळ एक सायकल निघाली आहे. तुझ्या नवऱ्याची असेल असं वाटतं."

तिने बोरिंगचा दांडा सोडला नाही.

"तोंड कोनीकडं हाय तिचं?"

"काय?"

"सायकलचं, बाई. मोहगावकडं का गावाकडं?"

"गावाकडं."

"कॅरियरवर?"

"पास आहे. नवी. तारेनं बांधलेली."

ती खाली बसली. भरलेली घागर तिच्या धक्क्याने कलंडली आणि पाणी तिच्या पायांवरून वाहत गेलं. ती म्हणाली, "येऊन राह्यला होता मंग." पुन्हा एकदा तेच म्हणाली.

ते कसं झालं असेल हे मला रस्ता पाहून कळलं होतं. मोहगावहून येताना एक फाटा लागतो. तिथे नव्या गावासाठी उजवीकडे वळायचं. रस्ता नवा, सवय जुनी. पाऊस, अंधार, आणि पाय पायडलवर. पाय लहानपणापासून सरळ जात आले होते, तेव्हाही सरळ गेले. पुढे उतार. उतारावर गिट्टीत ब्रेक लागत नाही. त्या आठवड्यात खाली पाणी किती चढलं होतं, हे वरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

सून सरळ घरी गेली. मी मागोमाग गेले, कारण तिला एकटीला सोडावं असं वाटेना. सासू अंगणात सागाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती. सुनेने उभ्यानेच सांगितलं. आवाज चढवला नाही.

"आत्याबाई, थे पयाले नव्हते. घरी येऊन राह्यले होते. जुन्या रस्त्यानं."

मला वाटलं होतं की म्हातारी रडेल, नाहीतर सुनेला जवळ घेईल. तिने हातातलं पान फाडलं.

"चूप राह्य. थे त्याची सायकल नोय."

"पास हाय तिच्यावर."

"पास काय त्यानं एकट्यानंच घेतली? चोराची असन कोन्या." मग माझ्याकडे वळून, "अन् तुले कोनं सांगतलं होतं वं बाई तिकडून याले? धडाचा रस्ता सोडून?"

मी म्हणाले, "माय, पंक्चर झालं होतं. उशीर झाला."

"थो नागपुरात हाय," ती म्हणाली. "मिलमंधी हाय." तिने दुसरं पान उचललं, पण काडी तिला टोचता येईना.

तेव्हा मला म्हातारीचं बोलणं उमगलं. सुनेला ती जे रोज ऐकवत होती, ते टोमणे होतेच. पण पोरगा पळाला असेल तरच तो जिवंत होता. पळालेला माणूस कधीतरी परत येतो. सून ज्या खोट्याखाली भरडली जात होती, त्याच खोट्यावर म्हातारी दिवस काढत होती. आता खरं एकीला सोडवणार होतं आणि दुसरीचा आधार काढून घेणार होतं.

ऊन कलल्यावर सून म्हणाली, मला दाखवा. आम्ही खाली उतरलो. तिने सायकलला हात लावला नाही. वाकून डावं पायडल पाहिलं. लोखंडी पायडल तुटल्यावर कुणीतरी तिथे बाभळीचा ठोकळा बसवला होता.

"हे मीच तासलं होतं," ती म्हणाली. "थे हासले होते."

मी म्हणाले की कोटवाराला, गावच्या चौकीदाराला, सांगते, तो ठाण्यात कळवेल. आणि सकाळी दोर घेऊन येते, बाहेर काढू.

ती पाण्याकडे पाहत होती. पाणी आता लांब सरकलं होतं, एका जागी चमकत होतं. "पाऊस आला का झाकून जाईन, नाही का हो बाई?" तिने विचारलं. "नाही काढलं तं?"

"जाईल."

"आत्याबाईनं पाह्यली तं त्या मरतीन."

"आणि नाही पाहिली तर तू ऐकत राहशील."

आम्ही वर आलो. दार उघडं होतं. म्हातारी आमच्याकडे न बघता पोरीला भाकर चुरून देत होती. नागपूरचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

कोटवाराला सांगून मी जंगलाच्या लांबच्या रस्त्याने घरी परतले. पाणी काठापासून कितीतरी दूर गेलं होतं. तिथे आवाज परत यायचं कारण उरलं नव्हतं, असं मी धरून चालले होते. तो आला. पलीकडून कुणीतरी माझ्या बरोबरीने, त्याच वेगाने, ब्रेक न लावता येत होतं. मी त्या वळणावर एकदाही मागे पाहिलं नाही. पायडल मात्र जोरात मारलं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोर आणि पक्कड घेऊन मी जुन्या रस्त्याने खाली उतरले. कोटवार ठाण्यात जाऊन येणार होता, म्हणजे दुपारशिवाय येणार नव्हता. रपट्यापाशी सून नव्हती. म्हातारी होती, एकटी. पदर डोक्यावर, मांडी घालून सायकलशेजारी गाळात बसलेली. शेजारी पितळी तांब्या. पाणी तिने कुठून आणलं होतं कोण जाणे. एवढ्या लांब पाण्यापर्यंत चिखलातून चालत गेली असणार, कारण तिचे पाय गुडघ्यांपर्यंत काळे होते. ती हँडलवरचा गाळ बोटांनी खरवडून धूत होती, लहान मुलाचं तोंड धुवावं तशी, कानामागेसुद्धा.

मी उभी राहिले. तिने वर पाहिलं नाही.

"सुनेले मीच म्हनलं, तू घरी राह्य," ती म्हणाली. "तिनं लय ऐकलं माह्या तोंडाचं."

मग तिने हात पदराला पुसले आणि कॅरियरकडे बोट केलं.

"थे पास सोड बाई. पेरनी जवळ आली."

तार गंजून एकजीव झाली होती. मी गुडघे टेकले आणि पक्कडीने ती एक एक पीळ तोडू लागले.