हेलिकॉप्टरपुढची झेंडी

हेलिकॉप्टर माझ्या शेजारून गेलं, झेंडी ओलांडली आणि पार बाभळीजवळ जाऊन वळलं. त्या बाभळीला माझ्या सुमीची झोळी बांधलेली. मागं पाहिलं तर सगळी धूळ, आणि झोळी जोरात हिंदकळत होती.

नीट सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत, मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या. आमचं घर सुरतेजवळ उधन्याला, सुमीचे बाबा मिलमध्ये. मी फवारणीच्या दिवसात चलथाणकडं उसात झेंडी धरते. उसावर पाकोळी पडली, म्हणजे रस शोषणारी कीड, की विमानातून औषध मारतात. वरून पायलटला सगळं हिरवंच दिसतं, कुठला पट्टा झाला ते कळत नाही. म्हणून शेताच्या दोन टोकांना दोन बाया, हातात लांब बांबू, वर पांढरं फडकं. पायलट या झेंडीवरून त्या झेंडीवर येतो. तो नीट रेषेत आला की आपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला पंधरा पावलं सरकायचं, म्हणजे औषध अंगावर येत नाही आणि पुढचा पट्टाही ठरतो. वारा बघायला चिमूटभर माती सोडायची, बस. दोन वर्षं केलं, माझा एक पट्टा चुकला नाही.

विमान होतं तोवर झोळीला बाभळीसारखी दुसरी चांगली जागा नव्हती. झेंडीच्या मागं चाळीस पावलं, सावली चांगली. विमान झेंडीच्या आतच औषध बंद करायचं आणि बाभळीवरून सुसाट पुढं जायचं, वळेस्तोवर घारीएवढं दिसायचं. पोरगी झोपेतून हलायचीसुद्धा नाही.

यंदा कंपनीनं हेलिकॉप्टर आणलं. पायलट तेच, आमचे विमानवाले कॅप्टनसाहेब, पण हे यंत्र त्यांना नवीन. शेजारी शिकवणारे साहेब बसायचे, पुण्याकडचे. सकाळी पडीक रानात शिकवणी चालायची ती आम्ही बघायचो. शिकवणाऱ्या साहेबांच्या हातात ते हवेत खुंटी ठोकल्यासारखं उभं राहायचं. कॅप्टनसाहेबांच्या हातात दाव्याला हिसके देणाऱ्या शेळीसारखं.

चहा पिताना शिकवणारे साहेब म्हणायचे, "कॅप्टन, विमानात वेग गेला की माणूस गेला, ती भीती तुमच्या हातात बसलीय. हे उभं राहतं. झेंडीच्या अलीकडं उभं करा आणि जागेवर वळवा."

"जी," कॅप्टनसाहेब म्हणायचे, आणि परत झेंडी ओलांडून लांब जायचे.

बाकीच्या बाया त्यांना हसायच्या, तीन दिवस मी पण हसले. पण झोळी मी कुठं बांधली? तिथंच, बाभळीला. हात सवयीनं गाठ मारतो. पहिले पट्टे बाभळीपासून लांब होते म्हणून काही झालं नाही. सरकत सरकत चौथ्या दिवशी पट्टा बाभळीच्या रेषेत आला तेव्हा मला कळलं.

आता हेलिकॉप्टर त्या टोकाला गेलं होतं आणि परत येत होतं. मुकादम धूरजीभाई लांबून ओरडत होते, "बेन, पंदर पगलां! सरको!"

मी हिशेब केला. चाळीस पावलं पळायचं, धुळीत गाठ सोडायची. मी गाठ घट्ट मारते, ती पटकन सुटत नाही. तोवर ते डोक्यावर येणार, औषधासकट. पण मला एवढं माहीत होतं की हे यंत्र थांबतं. सकाळी रोज बघत होते.

मी सरकले नाही. बांबू आडवा धरला, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर, आणि बांधावर उभी राहिले. विमानाला अशी खूण कुणी करत नाही, ते थांबणार कुठं?

ते आलं. काचेतून कॅप्टनसाहेबांचं तोंड दिसलं. औषध बंद झालं. नाक वर झालं, शेपूट खाली, ऊस सगळा आडवा झाला, माझा पदर उडाला. आणि ते झेंडीच्या अलीकडं उभं राहिलं. हललं नाही. मग जागेवर वळलं आणि पडीक रानात जाऊन उतरलं.

मी झोळी सोडली. सुमी धुळीनं माखलेली, खोकत होती आणि माझ्यावर रागावलेली होती. औषध तिच्यावर पडलं नव्हतं. मग मी खाली बसले.

धूरजीभाई आले. "झंडी आडी केम करी? मारुं काम जाय!" म्हणजे झेंडी आडवी का धरली, माझं काम जाईल.

मागून कॅप्टनसाहेब, घामानं भिजलेले. "ताई, आप हटी क्यों नहीं?"

"साहेब, विमान असतं तर पळाले असते," मी म्हटलं. "हे थांबतं ना, म्हणून."

शिकवणारे साहेब हेल्मेट काढून हसले. "ऐका. चार दिवस मी वेगळं काय सांगतोय? आज कसं थांबवलंत?"

"सर, पुढं बाई उभी होती."

"मग उद्यापासून बाई उभी करू. पण लांब. आणि त्या झाडाखाली कुणी पोर ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडीक रानात मी बांबू आडवा धरून उभी, शंभर पावलं लांब, आणि कॅप्टनसाहेब माझ्यासमोर थांबायचं शिकत होते. सुमी रस्त्यापलीकडच्या चहावाल्या मावशीकडं. आठवड्यात साहेब जागेवर वळायला लागले. धूरजीभाई आता नव्या बायांना सांगतात, झंडी या बेनकडून शिका.

मी त्यांना एकच शिकवते. यंत्र बदललं की आधी झोळीची जागा बदला. पट्टे मग मोजा.