आत्याबाईंचं जेवण

“ती माझ्याच हातचं खाते हे काही माझं कौतुक नाही, तिची अडचण आहे,” असं तो एकदा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला होता. बाई हसल्या होत्या. तो हसला नव्हता.

प्राणिसंग्रहालयात सगळे त्याला गोगल म्हणत. नवीन माणसं आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायची. तिथे गॉगल सोडाच, साधा चष्माही नव्हता. मग कुणीतरी त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या इमारतीमागची खोली दाखवायचं. दमट, अर्धवट अंधारी खोली. भिंतीला लागून ओल्या मातीचे क्रेट, क्रेटवर जाळी, जाळीवर विटा. आत गोगलगाई, काकडीच्या साली, कोबीची पानं आणि अंड्याच्या टरफलांची पूड. शंख जाड व्हावा म्हणून ही पूड तो घरून करून आणायचा. एकटा माणूस एवढी अंडी खातो कशाला, असं वाण्याने एकदा विचारलंही होतं.

हा सगळा खटाटोप एकीसाठी होता. काचेच्या घरात अर्धं पाणी, अर्धी जमीन, मध्ये एक आडवा ओंडका आणि त्यावर ती. दूरच्या कुठल्या दलदलीतल्या सरड्याची जात, पण अंगाने थेट घोरपडीएवढी. हिरवी पाठ, तांबूस डोकं, मागचे दात बोथट, शंख फोडण्यासाठीच घडवलेले. गोगलगाय तोंडात घेतली की ती मान वर करी, जिभेने तिला मागे सारी आणि जबडा मिटी. अक्रोड फुटल्यासारखा आवाज होई. मग शंखाचे तुकडे ओठांच्या कडेने एकेक करून बाहेर पडत. मासा, मांस, अंडं, नाकतोडे, दुसरं काहीही पुढे केलं की ती पाहुणी आलेल्या आत्यासारखी ताटाकडे एक नजर टाकून मान फिरवी. ‘मला नको बाई, तुमचं चालू द्या.’ म्हणून ती आत्याबाई.

त्याची नोकरी दोन वर्षांपूर्वीच संपली होती. आत्याबाई दुसऱ्या कुणाला दाद देत नाहीत म्हणून संग्रहालयाच्या साहेबांनी त्याला वर्षा-वर्षाने ठेवून घेतलं होतं.

संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. चार वर्षांपूर्वी ती नातीला सांभाळायला मुलाकडे गेली, ती तिकडचीच झाली.

“जेवलात का?”

“जेवलो.”

“काय?”

“होतं ते.”

“आणि आत्याबाई?”

“पंधरा.”

“पंधरा काय?”

“गोगलगाई.”

“तिचे घास मोजता, स्वतःचं मात्र ‘होतं ते’. अहो, इथे बाहेरच्या खोलीत तुमची सोय केलीय. सोफा उघडला की पलंग होतो.”

“आणि सकाळी?”

“सकाळी मिटायचा. त्यात काय?”

रोज सकाळी सातच्या आत मिटून ठेवायचा पलंग त्याच्या डोळ्यांपुढे आला. पलंग मिटल्यावर माणसाने कुठे बसायचं, हे विचारायचं राहून गेलं.

“हिला कोण बघणार?” एवढंच तो म्हणाला.

“तुमच्या आत्याबाईंना शंभर वर्षं आयुष्य लाभो,” बायको म्हणाली. तिने फोन ठेवला.

एके दिवशी शेजारच्या रोपवाटिकेचा अधिकारी साहेबांच्या खोलीत आला. त्याने खिशातून एक पाकीट काढलं आणि टेबलावर उपडं केलं. एक गोगलगाय पडली. थोड्या वेळाने शिंगं बाहेर काढून ती साहेबांच्या कागदांवर चालायला लागली.

“आमची तीन वाफे रोपं फस्त झालीत. ही मंडळी तुमच्याकडची नाहीत ना?”

साहेबांनी गोगलला बोलावलं. “बघा हो, ओळख पटते का? बागेत अशा खंडीभर असतात म्हणा.”

साहेबांनी वाट काढून दिली होती. ‘नाही’ म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण त्याने गोगलगाय उचलली, उजेडात धरली, शंखाच्या तोंडाशी जाड पांढरी कड दिसली. ही कड रानातल्या गोगलगाईला येत नाही. ती त्याच्या टरफलांच्या पुडीची होती.

“आमचीच आहे,” तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमानही आला असावा. साहेबांनी कपाळाला हात लावला.

दोन महिन्यांत खोली बंद करायचा हुकूम निघाला. तोवर आत्याबाई दुसरं काही खायला शिकल्या तर ठीक, नाहीतर त्यांची रवानगी दूरच्या एका संग्रहालयात. तिथे गोगलगाईंचं तळंच होतं. पण तिकडे जायला तीन दिवसांचा प्रवास, आणि तिचं वय झालेलं. “पोचेलच असं सांगता येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने फुटके-बिनफुटके शंख गोळा केले. कोळंबी आणि मासा एकत्र वाटला, त्यात थोडी गोगलगाय मिसळली आणि तो गोळा रिकाम्या शंखात दाबून भरला. आत्याबाईंनी वास घेतला आणि पाण्यात उडी मारली. चार दिवस त्यांनी कशाला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी डबा विसळताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डबा घासतो तसे त्याने शंखही साबणाने लख्ख घासले होते. जेवणाला साबणाचा वास येत होता! पुढचे शंख त्याने घासले नाहीत, त्यांचा बुळबुळीतपणा तसाच ठेवला. आत्याबाईंनी पहिला शंख फोडला तेव्हा त्या रिकाम्या इमारतीत तो “वा!” असं मोठ्याने म्हणाला. समोरच्या काचेतल्या अजगराखेरीज ते ऐकायला कुणी नव्हतं.

मग दर आठवड्याला गोगलगाय कमी, मासा जास्त. नंतर अर्धा शंख. नंतर नुसता तुकडा. शेवटी उघडा गोळाच. दीड महिन्यात खोलीतले क्रेट रिकामे झाले आणि त्याने विटा बाहेर नेऊन रचून ठेवल्या. काम जसजसं जमत होतं, तसतसं त्याला घरी जाणं नकोसं होत होतं.

त्याची वर्षाची मुदतही संपत आली होती, म्हणून हाताखाली शिकायला पक्षी विभागातल्या बाई आल्या. चाळिशीच्या, बोलक्या. त्याने सगळं वहीत लिहून दिलं होतं. किती मासा, किती कोळंबी, पाणी किती कोमट, चिमटा कुठे धरायचा.

“काका, माझे पोपट बरे. निदान शिव्या तरी देतात,” बाई म्हणाल्या. “ही नुसती बघते.”

दोन दिवस बाईंनी चिमटा धरला आणि आत्याबाई नुसत्याच बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि डॉक्टरीणबाई आले. बाहेर लाकडी पेटी तयार होती.

“आता शेवटचं,” साहेब म्हणाले. “कालच्यासारखंच झालं तर दोनच वाटा. एक तर हिला पाठवायचं, नाहीतर काकांना आणखी वर्षभर अडकवायचं. मला तर दुसरंच बरं वाटतं. काय काका?”

तो कोपऱ्यात उभा राहून बघत राहिला.

बाईंनी गोळा पुढे केला. आत्याबाईंनी मान वळवली, पण चिमट्याकडे नाही. त्या ओंडक्याच्या टोकाकडे बघत होत्या, कसली तरी वाट बघितल्यासारख्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. घास देण्याआधी तो चिमटा ओंडक्यावर दोनदा ठोकत असे. चिमट्याला चिकटलेली माती झडावी म्हणून. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप करी. वहीत ती लिहायची राहिली होती, कारण ती त्याची त्यालाच ठाऊक नव्हती.

आता ठाऊक झाली होती, आणि खोलीतल्या दुसऱ्या कुणालाही नाही. गप्प बसणं ही काही लबाडी नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. आणखी एक वर्ष. सकाळी उठायला कारण. संध्याकाळच्या फोनवर सांगायला काहीतरी.

आत्याबाईंची कातडी मांडीपाशी सैल पडली होती. दोन दिवसांत एवढी.

“बाई,” तो म्हणाला, “आधी ओंडक्यावर दोनदा ठोका.”

“काय ठोकू?”

“चिमटा. हलक्या हाताने.”

टक, टक.

आत्याबाई वळल्या. ओंडक्यावरून चार पावलं पुढे आल्या, जीभ बाहेर काढून गोळ्याला लावली आणि तो बाईंच्या चिमट्यातून ओढून घेतला. फोडायला काही नव्हतं. तरी सवयीने त्यांनी मान वर केली, जबडा मिटला आणि गिळलं.

“अगं बाई! खाल्लं की हो!” बाई ओरडल्या. साहेबांनी टाळी वाजवली. डॉक्टरीणबाई वहीत लिहायला वाकल्या. बाईंनी दुसरा गोळा उचलला, टक टक केलं. आत्याबाई पुन्हा पुढे आल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहावं असं काही त्यांच्या मागे नव्हतंच.

“काका, तुम्ही ग्रेट आहात,” बाई म्हणाल्या. “आता जा निवांत मुलाकडे. इथली काळजी करू नका.”

त्याने खिशातून खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली, खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली, आणि सगळे काचेकडे बघत असताना बाहेर पडला.