नमस्कार झाल्याशिवाय कुलूप नाही

किस्से कोणी जमवत नाही, ते मागे राहून जातात. कशेळ्याला आमचा टीव्ही सुटला की दाराशी चपलांची एखादी जोडी उरायचीच, आणि कोणाची म्हणून विचारलं तर सगळे कानावर हात ठेवायचे. माझ्याकडे त्या खोलीतले किस्से असेच उरलेत!

खोली शाळेची जुनी. टीव्ही गावकऱ्यांनी मिळून आणलेला, ब्लॅक अँड व्हाइट. आला त्याच दिवशी भांडण झालं. पोरांना सिनेमा हवा, बायकांना नाटक, म्हाताऱ्यांना कीर्तन. शेवटी ठराव झाला, टीव्ही फक्त मराठी बातम्यांसाठी. टीव्ही लाकडी कपाटात आणि कपाटाची किल्ली वैद्य गुरुजींच्या जानव्याला! बातम्यांच्या आधी पाच मिनिटं कुलूप उघडायचं आणि वृत्तनिवेदकानं शेवटचा 'नमस्कार' म्हटला की लावायचं. गुरुजी रिटायर झाले होते, पण शिस्त अजून नोकरीत होती.

मी तेव्हा शाळेतला सगळ्यात धाकटा मास्तर. माझ्याकडे खातं अँटेनाचं. मध्ये माथेरानचा डोंगर, त्यामुळे मुंबईचं चित्र आमच्याकडे कुरकुरत यायचं. अंगणात उंच बांबूवर अँटेना बांधलेली. मी बांबू फिरवायचा आणि आतून हुकूम यायचे, "मास्तर, मुंग्या आल्या! अजून फिरवा!" अर्धा टीव्ही मी खिडकीतून पाहिला.

*

एका रविवारी गुरुजींनी कुलूप उघडलं तर बातम्यांच्या जागी टेनिस! विलायतेहून थेट. दोन गोरी माणसं घाम गाळतायत, बातम्यांचा पत्ता नाही.

गुरुजींनी किल्ली काढली. तेवढ्यात बबन उठला. बबन म्हणजे कशेळे–कर्जत जीपचा ड्रायव्हर. खेळ कुठलाही असो, त्याला बघायचाच असायचा.

"गुरुजी, नमस्कार कुठं झाला?"

"अरे, बातम्याच नाहीत तर नमस्कार कसला?"

"त्ये मला काय ठाव नाय. ठरावात काय लिवलंय? नमस्कार झाल्याबिगर कुलूप नाय!"

गुरुजींनी ठराव स्वतः लिहिलेला! मुकाट्यानं दीड तास बसले. शेवटी एवढंच म्हणाले, "पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस? माझ्या वर्गात असले पाढे म्हटले असते तर बाकावर उभे केले असते दोघांना!"

*

गुरुजींची आणखी एक सवय. टीव्हीच्या आधीपासून, रेडिओ ऐकून, ते खोलीबाहेरच्या फळ्यावर रोज ठळक बातम्या लिहायचे. बाजारच्या दिवशी वाड्यांवरून येणाऱ्या बायकांना वाचता यायचं नाही. त्यांना फळा मोठ्यानं वाचून दाखवायची पोस्टमन गायकवाडांची सुनंदा. दुसरी-तिसरीत असेल तेव्हा, पण आवाज असा खणखणीत की भाजीवाले भाव सांगायचे थांबत.

पुढे टीव्ही आला, गुरुजींचा रेडिओ सुटला आणि मॅचपायी बातम्या बुडू लागल्या. आता फळ्यावर काय लिहायचं? खोटं लिहिणं गुरुजींच्या रक्तात नाही आणि फळा कोरा ठेवणं तत्त्वात नाही. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं,

'काल जगात काहीही घडले नाही.'

सकाळी गायकवाड खांद्याला टपालाची पिशवी लावून आले, फळा वाचला आणि म्हणाले, "मग ही पत्रं काय म्हणून वाटू, गुरुजी?"

*

बबनची जीप संध्याकाळी बातम्या झाल्या की सुटायची. एकदा क्रिकेट चालू राहिलं. बाहेर जीपमध्ये माणसं ताटकळली. वाडीवरची हिराबाई दोन कोंबड्या घेऊन कर्जतला लेकीकडे निघालेली. ती बबनला शिव्या द्यायला आत आली आणि परत गेलीच नाही. तिला बघायला एक जण आला, तोही बसला. असं करत करत अख्खी जीप आत आणि जीपमध्ये फक्त कोंबड्या!

अखेर बबनलाच पॅसेंजरची दया आली. उठून म्हणाला, "चला, कर्जत, कर्जत!"

हिराबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "गप बस रं! नमस्कार झाला का?"

*

ऐन जुलैत विलायतेतला सामना पावसानं थांबला. कॅमेरा झाकलेल्या पीचवर. बाहेर आमच्याकडे असा पाऊस की शेजारचं घर दिसेना, आणि आत पंचवीस माणसं अर्धा तास विलायतेतली भुरभुर बघतायत! मी अंगणात बांबू धरून नखशिखांत भिजलेला.

गुरुजी म्हणाले, "एवढ्यात खेळ बंद? यांना आपल्या मास्तरांचा बांबू धरायला पाठवा!"

*

आणि मग तो गुरुवार.

सुनंदा मुंबईला शिकून तिथेच टीव्हीत लागली होती. तिचं पत्र आलं. गायकवाडांनी स्वतःच्याच पिशवीतून स्वतःच्याच घरी दिलं. 'गुरुवारी संध्याकाळच्या बातम्या मी वाचणार. पहिलीच वेळ आहे. बाबा, आई, बघा.'

गुरुवारी खोलीत मुंगीला जागा नव्हती. गायकवाडांनी खाकी युनिफॉर्मला कडक इस्त्री केलेली. सुनंदाची आई कधी टीव्हीला न आलेली, ती पुढे गुरुजींशेजारी. बबननं जीप उभी केली आणि पॅसेंजर आपण होऊन आत आणले. गुरुजींनी कुलूप उघडलं.

क्रिकेट! आखातातला सामना, लांबलेला. आपल्याला जिंकायला थोड्या धावा हव्या, दोन गडी शिल्लक.

एरवी खोलीत शिट्ट्या झाल्या असत्या. आज सगळ्यांच्या नजरा भिंतीवर. घड्याळ पुढे चाललेलं. बातम्यांची वेळ झाली, पाच मिनिटं गेली, दहा गेली. गायकवाड नुसती टोपी हातात फिरवत होते. मला खिडकीतून त्यांच्याकडे बघवेना.

आणि बबन ओरडला. आपला माणूस आउट झाला की दोन दिवस न जेवणारा बबन!

"आउट व्हा रं बाबांनो! लवकर आउट व्हा! आमची पोरगी खोळंबलीय!"

अख्खी खोली ओरडायला लागली, "आउट! आउट!" हिराबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. पण त्या दिवशी आपले गडी काही केल्या आउट होईनात. शेवटची ओव्हर आली. तीन चेंडू, चार धावा.

तोच पडदा हलला आणि सुनंदा दिसली. केसांत फूल, समोर कागद.

"मास्तर, हलू नका!" आतून पंधरा माणसं एकदम ओरडली. मी बांबूला मिठी मारली.

"क्रिकेट सामन्याच्या थेट प्रक्षेपणामुळे आजच्या मराठी बातम्या होऊ शकणार नाहीत. क्षमस्व. नमस्कार."

तोच आवाज, ज्यात ती फळ्यावरच्या बातम्या वाचायची! पडद्यावर परत मैदान आलं. सुनंदाच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. गायकवाड उठून उभे राहिले, टोपी डोक्यावर नीट बसवली, टीव्हीसमोर हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम, माझे बाय." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "एक अक्षर चुकली नाय."

माझे डोळे भरून आले, पण पुसणार कसे? दोन्ही हात बांबूला.

तिकडे बोलर धावत निघालेला. तीन चेंडू, चार धावा. गुरुजींनी जानव्याची किल्ली हातात घेतली, बबनकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच किल्ली परत सोडून खाली बसले.

बबन उठला. पडद्याला पाठ करून उभा राहिला.

"गुरुजी, बसलाव काय? नमस्कार झाला. लावा कुलूप!"