मँचेस्टरच्या दामले बाई

लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला दामले बाई नाव-गाव विचारत नसत. दोनशे वर्षांपूर्वी मँचेस्टरमध्ये, इंग्लंडातल्या गिरण्यांच्या शहरात, तो कोण झाला असता, ते परस्पर सांगून टाकत. मी हिंजवडीच्या आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलो तेव्हा त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पहाटे लांब काठीनं खिडक्या ठोठावणारे. कामगारांकडे गजराची घड्याळं नसायची, म्हणून उठवायला माणूस ठेवत. काल तुम्ही फोनवर बोलत होतात. एवढा आवाज उगाच वाया चाललाय." मी मूळचा अकोल्याचा. आमच्याकडे मोठ्यानं बोलणं म्हणजे मोकळेपणानं बोलणं. पुढे आठवडाभर मी फोन घेऊन न्हाणीघरात जात होतो.

बाईंनी सगळी हयात कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवला आणि सगळी हयात कसबा पेठेत काढली. निवृत्तीनंतर मुलानं इथे फ्लॅट घेतला आणि आईला सोबत आणलं. शेजारच्यांना वाटलं, म्हातारीला करमणार नाही. बाई मात्र बाल्कनीत खुर्ची टाकून खालची गंमत बघत बसायच्या. "मुलांना फळ्यावर शिकवून शिकवून घसा गेला माझा. इथे तेच रोज खाली चालू आहे, आणि तिकीटसुद्धा नाही!" मँचेस्टर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. साधा पासपोर्टही काढला नव्हता. पण पाण्याचा टँकर आला नाही, कंपनीच्या बसगाड्या चौकात अडकल्या, की बाई शांतपणे म्हणत, "मँचेस्टरमध्ये हे होऊन गेलंय." समोरच्या वसतिगृहात रात्रपाळीची मुलं आली की दिवसपाळीची निघायची. बाई म्हणायच्या, "तिथेही असंच. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर. बिचाऱ्या गादीला सुट्टी म्हणून नाही."

आमच्या दोन इमारतींच्या मधून एक पाऊलवाट जाते. इमारती नव्हत्या तेव्हापासूनची. गावठाणातून निघून ती ओढ्यापलीकडे गंगूबाईंच्या रानात संपते. गंगूबाई ही तिथली शेतकरीण. आजूबाजूची सगळी जमीन विकली गेली; तिनं तेवढा तुकडा राखला होता आणि त्यात मेथी-कोथिंबीर पिकवायची. बाई तिच्याकडूनच भाजी घ्यायच्या. पाच मिनिटांच्या भाजीला त्यांना तासभर लागायचा.

सोसायटीचे अध्यक्ष सबनीस यांनी एका सभेत ठराव मांडला, की या वाटेवर भिंत घालावी. सुरक्षेचा प्रश्न आहे, बाहेरची माणसं आत येतात. "अहो सबनीस," बाई म्हणाल्या, "बाहेरचे आपण. ती इथलीच आहे." लोक हसले आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केले. सोसायटीच्या वकिलांनी सांगितलं होतं, सगळ्या सभासदांनी सही करून द्यायची, की इथून वाट अशी कधी नव्हतीच आणि कुणी वापरतही नाही. मग कटकट नाही.

गंगूबाईला हे कळलं तेव्हा ती बाईंच्या दारात येऊन बसली. मी तिथेच होतो. "वाट गेली तर म्हामार्गावरनं फिरून जावं लागंल मला. डोक्यावर पाटी, बाजूनी डंपर. गुडघं ऱ्हायलेत का माझं? मंग इकावंच लागंल रान. त्यो बिल्डरचा मानूस टपूनच हाय."

बाईंनी उठून बाल्कनीतून त्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भांडू नकोस. चालत राहा. बाकीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांच्या सुवाच्य अक्षरातली पाटी लागली: 'रविवारी सकाळी वारसा फेरी. विनामूल्य. शेवटी मिसळ. प्रश्न विचारण्यापूर्वी तो प्रश्न आहे की भाषण, हे स्वतःला विचारावे.'

पुण्याचा माणूस बाकी कशालाही नाही म्हणेल. फुकट वारसा फेरीला म्हणत नाही. रविवारी निम्मी सोसायटी टोप्या घालून हजर. सबनीस नव्या बुटांत सगळ्यांच्या पुढे. बाई त्या पाऊलवाटेनं चालत सांगत होत्या. इंग्लंडात गावाची म्हणून सामाईक कुरणं होती, तिथे गरिबाची गाय चरायची. जमीनदारांनी कायदे करून कुंपणं घातली, गाय गेली, वाट गेली, आणि माणसं गिरणीच्या दारात उभी राहिली. "शहरं नुसत्या वाफेवर नाही वाढली. निम्मी कुंपणावर वाढली." जिथे वाटा शिल्लक राहिल्या तिथे लोक अजून मुद्दाम जमून चालतात, हेही त्यांनी सांगितलं. का चालतात, ते मात्र सांगितलं नाही.

रानात गंगूबाईनं चूल पेटवून ठेवली होती. मिसळ इतकी झणझणीत, की सबनीसांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाईंनी ते इतिहासाच्या खात्यावर जमा केलं. संध्याकाळी सबनीसांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. खाली लिहिलं: 'आपल्या आवारातली प्राचीन पाऊलवाट! आजही वापरात!'

पुढच्या सभेत सहीचा कागद फिरला. सबनीसांनी पेन उघडलं. बाई म्हणाल्या, "करा सही. इथून वाट कधी नव्हती. फक्त सावकाश करा, फोटोत तुम्ही पहिले आहात. आणि मजकूर तर फारच छान आहे. 'आजही वापरात.' मी तो आपल्या वकीलबाईंना पाठवलाय, आमच्या कॉलेजचीच विद्यार्थिनी निघाली ती." सबनीसांनी पेनाचं टोपण लावलं. तिकडचे लोक मुद्दाम जमून का चालतात, ते मला तेव्हा कळलं: चालती वाट बंद करता येत नाही. भिंतीचा विषय पुढे ढकलला गेला, आणि पुण्यात ज्या विषयाला 'पुढे' म्हणतात तिथे तो अजून आहे.

त्यानंतर फेरी दरवर्षी निघू लागली. गेल्या वर्षी बाईंचे पाय पार गेले होते. म्हणाल्या, "मी नसले तर चुकीच्या गोष्टी सांगाल." मग चाकाची खुर्ची आली, आणि ती सबनीसांनी ढकलली. ओढ्याच्या उतारावर बाई अखंड त्यांच्या हाताला नावं ठेवत होत्या आणि सबनीस घामाघूम होऊन "हो बाई, हो बाई" करत होते. मला वाटतं, त्या दिवशी त्या दोघांइतकं खूश कुणीच नव्हतं.

पावसाळा संपता संपता बाई गेल्या. झोपेत, कुणाला तसदी न देता; हे त्यांच्या स्वभावात मुळीच बसत नव्हतं. लिफ्टमध्ये आता सगळे आपापल्या फोनकडे बघतात आणि मला ते सहन होत नाही. फार आठवण येते त्यांची.

दिवसकार्याला गंगूबाई आली होती. डोळे पुसून म्हणाली, "आता फेरीला लोकास्नी कोन बोलावनार?"

"मी," सबनीस म्हणाले. सभेत ते इतक्या चटकन कधी बोलले नव्हते. "मी बोलावीन सगळ्यांना. तुम्ही फक्त या."

गंगूबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मी तर रोजच चालती," ती म्हणाली. "तुमी या."