दुकानात थंड, घरी गरम

मिक्सरच्या भांड्यातलं पातं अडकून बसलं होतं. बायकोनं भांडं पोटाशी घट्ट धरलं आणि मी पान्हा लावला. जोर लावून लावून माझं मनगट भरून आलं.

"तुमी नेहमीसारखं फिरवून राहिले," ती म्हणाली. "ह्याचे आटे उलटे असतेत."

मिक्सर खोलण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि मला ती हे सांगत होती. पण तिचं बराबर होतं. दुसऱ्या अंगानं फिरवलं तसं पातं निघालं. आम्ही चहा पिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. हार्ट अटॅक म्हणले डॉक्टर. ज्याचं भांडं होतं तो घेऊन गेला, त्याला काही माहीत नाही.

तेरावं झाल्यावर दुकान उघडलं. जवळा बाजार ह्या गावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी रेडिओ असायचे, मग टीव्ही आले, आता मिक्सर, पंखे आणि चार्जर. शाळा माझी सातवीत सुटली. जे येतं ते हातानं आलं.

पहिलं गिऱ्हाईक सुनीता. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला तिचं सासर. नवरा ट्रकवर असतो. ही घरात बसून लॅपटॉपवर पुण्याच्या एका ऑफिसचं काम करते. दवाखान्यातले डॉक्टर बोलतात, ही ऐकून टाईप करते.

"काका, चार्जर तापून राहिला. हात लावू देत न्हाई. आन लॅपटॉप चार्जच व्हत न्हाई."

चार्जर म्हणजे वायरच्या मधी असतो तो काळा ठोकळा. घरातली लाईट मोठी असते, लॅपटॉपला लागते छोटी. मोठीची छोटी करायचं काम ठोकळ्याचं. काम करताना तो थोडा कोमट होतोच. पण भाकरीच्या तव्यासारखा झाला तर समजायचं, काहीतरी बिघडलं.

मी माझ्या बोर्डावर लावला. मीटर धरलं. बाहेर पडणारे व्होल्ट बराबर. दुकानातला एक जुना लॅपटॉप जोडला, चार्जिंगची खूण आली. चहा मागवून पिऊन होईपर्यंत चालू ठेवला. ठोकळा कोमट, बस.

"काही झालं न्हाई ह्याला. घेऊन जा."

गेली. परत आली.

"तसंच करून राहिला, काका."

आता मी वायर पाहिली. ठोकळ्यातून वायर निघते त्या मानेपाशी ती वाकून वाकून आतून तुटते. वरून धड दिसते. तुटकी वायर अर्धवट चिकटत राहते आणि गरम होते. हाताखाली तशी जागा लागली. कापली, नवी जोडली, सोल्डरिंगचा डाग दिला. बोर्डावर लावलं, चाललं. मला बरं वाटलं. रोग सापडला की बरं वाटतंच.

परत आली.

ह्या वेळेला मी तिचं तोंड पाहून आधीच चिडलो. एक तर दिवसभर लोक यायचे, काउंटरवर कोपर टेकून विचारायचे, कसं झालं हो, आधी काही दुखत व्हतं का. सगळ्यांना तेच ते सांगून माझं डोकं उठलं होतं. त्यात हा चार्जर.

"तू करतीस काय त्याच्यासंगं? गादीवर ठेवतीस का?"

"फरशीवर ठेवते."

"वर खोळ घातलीस? आमच्या इकडं बाया टीव्हीला घालतेत, मिक्सरला घालतेत."

"आत्याबाई शिवणार व्हत्या. मी न्हाई म्हणले."

"उन्हात?"

"पंख्याखाली ठेवते, काका. अजून कुठं ठेवू? फ्रिज न्हाई आमच्याकडं."

मी हिंगोलीहून आणून ठेवलेला नवा चार्जर फळीवरून काढला. "हा लावून पाह. हाही तापला तर लॅपटॉपमधी बिघाड. मग माझ्याच्यानं न्हाई."

संध्याकाळी तिचा फोन. नवाही तापला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप, जुना चार्जर, नवा चार्जर असं सगळं घेऊन ती काउंटरपुढं उभी. मी लॅपटॉप माझ्या बोर्डावर लावला. चार्ज व्हायला लागला. नव्यानं झाला, जुन्यानंही झाला. दोन्ही ठोकळे थंड.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिनं पाहिलं आणि स्पीकर लावला. आवाज नीट येत नव्हता म्हणून असेल, नाहीतर मी ऐकावं म्हणूनही असेल.

"सुनीता, काल पुन्हा मधेच ऑफलाईन."

"सर, चार्जरचा प्रॉब्लेम आहे. दुकानातच आले."

"आठवडाभर हेच ऐकतोय. आज बारानंतरची शिफ्ट पूर्ण झाली नाही, तर उद्यापासून तुमचं काम मी दुसऱ्याला देतो. माझ्याही वर लोक आहेत."

फोन बंद झाला. ती पदरानं लॅपटॉपवरची धूळ पुसत राहिली. धूळ नव्हतीच.

"काम गेलं तर?" मी विचारलं.

"तर आत्याबाई म्हणतेत, शेतात निंदायला चल. निंदायला माझी ना न्हाई, काका. पण दोन वर्षं घासून हे जमवलं. सर्दीनं आवाज बसलेल्या डॉक्टराचंबी मला आता ऐकू येतं."

आमच्या दुकानात एक रीत होती. मी वस्तूशी बोलायचो, बायको माणसाशी. स्टुलावर बसून तूर निवडत ती गिऱ्हाईकाला उगंच विचारत राहायची. घरी कुठं लावता, शेजारी काय चालतं, कुणी नवीन पाहुणा आला का. मला वाटायचं, टाईमपास. तिनं असं विचारलं की निम्मे रोग सांगता सांगताच सापडायचे. आता विचारणारं कुणी नव्हतं. मीच विचारायला पाहिजे होतं. मी तर फक्त वसकलो.

"चल," मी म्हणलं. "तुझं घर पाहतो."

मोपेडवर निघालो, ती मागं लॅपटॉप मांडीवर घेऊन. ऊन असं की डांबर चिकटत होतं. घरी गेल्या गेल्या बोर्डात मीटरच्या दोन सुया घातल्या. दोनशे तीस व्होल्ट पाहिजेत. काटा नव्वदच्या आसपास लटकत होता. पंखा चालू केला, अजून खाली आला.

मग रोग उघडा पडला. चार्जर हट्टी असतो. लाईट कमी आली तरी लॅपटॉपला तेवढंच द्यायचं म्हणतो. मग आतून जास्त ओढतो. उपाशी बैलाला भरली गाडी जुंपली तर त्याला धाप लागणारच. चार्जर तापतो ते धाप लागून. आणि व्होल्ट फारच पडले की पाय मोडून बसतो. नवा काय, जुना काय, बैल बदलून उपयोग नाही.

"लाईट कमी आहे तर सांगितलं काहून न्हाई?"

"बल्ब तर लागतो," सुनीता म्हणाली.

आताचे बल्ब नव्वदवरही लागतात. ते बल्ब आले तेव्हापासून लोकांना व्होल्टेज कळत नाही.

"आन पंखा?"

"उन्हाळ्यात हळूच फिरतो. सगळ्यांचाच."

तिची सासू, म्हणजे आत्याबाई, दारात उभी राहून ऐकत होती. "मिस्त्रीभाऊ, लाईट शिळी झाली का?" ती म्हणाली. "मग सळईला पाणी टाकावं लागंल."

"कोणती सळई?"

आता हे सांगायला पाहिजे. लाईट एका तारेनं घरात येते, तिला फेज म्हणतात. काम करून दुसऱ्या तारेनं परत जाते, तिला न्यूट्रल. ह्यांच्या गल्लीतली पोलवरची न्यूट्रल कधीतरी वाऱ्यात तुटली. तक्रार कुणी केलीच नाही, कारण आमच्याकडं ह्यावर घरगुती तोड आहे. घरामागं लोखंडी सळई ठोकायची आणि वायर तिला बांधायची. लाईट जमिनीतून परत जाते. जमीन ओली असली तर. म्हणून लोक सळईपाशीच भांडी घासतात. पाणी पडत राहतं, लाईट ताजी राहते.

"पूर्वी तर पिक्चर लागला की आमी घागरभर वततच व्हतो," सासू म्हणाली. "हिरोचं तोंड कसं उजळून यायचं."

"मग आता काहून न्हाई टाकत?"

"आता नळ आला ना भाऊ. ह्या बघा, मोरी बांधली." तिनं मोठ्या हौसेनं दाखवली. घराच्या दुसऱ्या अंगाला, फरशी लावलेली, पाणी पाईपानं थेट नालीत. "आन मागं कोबा करून घेतला. चिखल नको म्हणलं, सुनंचे पाय घसरतेत."

कोब्याच्या मधोमध सळई उभी. बुडाशी खडखडीत.

मी कपाळाला हात लावला. दोन चार्जर तपासले, एक वायर बदलली, पोरीला गादी आणि खोळ विचारली. बिघाड होता मोरीत.

सासू तांब्या घेऊन निघाली. मी ओरडलो, "ठेवा तो. ह्या सळईत लाईट आहे, जीव जातो माणसाचा. आजपासून इकडं कुणी हात लावायचा न्हाई." ती घाबरली नाही, रुसली. पण तांब्या ठेवला.

लाईनमनला फोन केला. ओळखीचा आहे. म्हणाला, आज दुसऱ्या लाईनवर आहे, न्यूट्रल उद्या सकाळी जोडतो.

"मला बाराला बसायचं, काका," सुनीता म्हणाली.

"मग दुकानात बस."

दुकानात बसायला दुसरं स्टूल एकच. बायकोचं. दिलं. पोरीनं लॅपटॉप काउंटरवर मांडला, कानात इअरफोनची बोंडं घातली आणि सुरू झाली. बोटं अशी चालत होती की मी पाहतच राहिलो. चार्जर तिच्या पायाशी पडून होता, कोमट.

मधी एक जण आला, कोपर टेकलं, सुरू झाला. "मिस्त्री, कसं हो झालं..."

"हळू बोला," मी म्हणलं. "पोरगी ड्युटीवर आहे."

तो कुजबुजत दोन शब्द बोलला आणि गेला. तो पूर्ण दिवस मला कुणाला काही सांगावं लागलं नाही.

शिफ्ट संपली. सरांचा फोन आला. "आज व्यवस्थित. उद्याही असंच पाहिजे." तिनं बोंडं काढली आणि लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "काका, चहा करू का?" स्टोव्ह कुठं आहे ते दाखवलं.

चार्जरवाल्यांना माझं सांगणं एवढंच. वस्तू दुकानात चालते आणि घरी चालत नसेल, तर वस्तू खोलू नका. घर पाहा. आणि लाईट येते कुठून हे सगळे पाहतात, परत जाते कुठून हेही पाहत जा.

संध्याकाळी घरी आलो. पंखा लावून आडवा झालो. पंखा इतका हळू की पाती वेगवेगळी दिसत होती. मी ती मोजत पडलो. मग उठलो आणि मागच्या दारी गेलो.

आमच्या गल्लीतही निम्मी घरं सळईवर आहेत. आमचं त्यातलंच. सळईजवळ चपटा दगड आहे, तिथं ती भांडी घासायची. भोवतीच्या जमिनीला भेगा पडल्या होत्या. माझं जेवण पुतण्याच्या घरून डब्यात येतं, डबा तिकडंच धुतात. इथं पाणी पडायचं कारणच नव्हतं.

सकाळी लाईनमनला फोन करून माझंही घर सांगितलं. तो म्हणाला, धरणाकडचं आटोपून दुपारी येतो. सळईत लाईट राहू नये म्हणून मी मेन स्विच बंद केला. मग घरातलं एक ताट, चहाचं पातेलं आणि एक तांब्या गोळा केला आणि दगडावर जाऊन बसलो. घासायची पावडर ती कुठं ठेवायची ते सापडलं नाही. मातीनं घासली. जमिनीनं पाणी लगेच पिऊन टाकलं. तीन भांडी, संपायला किती वेळ लागतो. संपल्यावर मी घरात जाऊन फळीवरची धुतलेली भांडीही खाली काढली.