लिओनीचे अठरा शनिवार

लिओनी ट्रास्क ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या एका शाळेचं कॅन्टीन चालवायची. वीस वर्षं सॉसेज रोल भाजताना तिनं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, मग बँकेचं कुठून घेणार! घराचं कर्ज पाच लाख डॉलरचं, तेही बदलत्या व्याजाचं. रिझर्व्ह बँकेनं मंगळवारी दुपारी अडीचला दर वाढवला की पंधरवड्यात हिच्या बँकेचं पत्र हजर, हप्ता वर. असं तेरा वेळा झालं. तेराव्या पत्रानंतर तिनं शनिवारी सकाळी एका दातांच्या दवाखान्यात फरशी पुसायचं काम धरलं.

पण शनिवारीच लेकीचे, ब्रॉनीचे, नेटबॉलचे सामने. पोरगी सतरा वर्षांची, क्लबातलं हे शेवटचं वर्ष, पुढं शिकायला मेलबर्नला जाणार. लिओनीनं तिला शब्द दिला होता, की व्याजदरात दोन कपाती होऊ देत, हप्ता एकशे साठनं उतरेल, मग मी फडकं टाकून मैदानावर येते.

पहिली कपात फेब्रुवारीत झाली, दुसरी एप्रिलात, ऐन मोसमाच्या तोंडावर. कॅन्टीनमधल्या डॉटनं रेडिओवर ऐकलं आणि स्वतःच्या पैशानं केक वाटला. दर उतरल्याची दोन्ही पत्रं लिओनीनं फ्रिजवर क्लबच्या चुंबकाखाली लावली. हप्ता मात्र मे महिन्यात होता तेवढाच कापला गेला. जूनमध्येही तेवढाच.

डॉट म्हणाली, "अगं बाई, एक फोन कर की त्यांना."

"वाढवताना मला विचारलं होतं त्यांनी? मग कमी करताना मी का विचारू?"

बिनतोड मुद्दा. उपयोग शून्य. मोसमाच्या अठराही शनिवारी ती बादली उचलायची आणि बँकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत फरशी घासायची. ब्रॉनीनं आधी बोलावलं, मग आठवण केली, मग घरी येऊन नुसता निकाल सांगायला लागली. उपांत्य सामन्याचा तर तोही सांगितला नाही, डॉटकडून कळला. लिओनीला ते फार लागलं.

शेवटी ऑक्टोबरात ती तणतणत बँकेत गेली. काउंटरवरच्या बाईनं शांतपणे पडद्यावर पाहिलं.

"दर तर एप्रिलातच उतरलाय, लिओनी. पण तुम्ही सांगितल्याशिवाय हप्ता कमी करत नाही आम्ही. पत्रात शेवटच्या ओळीत आहे ते."

शेवटच्या ओळीवर चुंबक होतं.

नुकसान काहीच नाही, बाई सांगत होती. जास्तीचे पैसे मुद्दलात गेलेत, कर्ज लवकर फिटेल. हवे असतील तर परतही काढता येतील.

"आणि शनिवार?"

"शनिवारी बंद असते शाखा."

लिओनीनं हप्ता कमी करून घेतला आणि दवाखान्याचं काम सोडलं. पुढच्या शनिवारी थर्मास घेऊन ती मैदानावर गेली. मोसम संपून महिना झाला होता, जाळ्यासुद्धा काढून ठेवलेल्या. तरी ती बाकावर बसली, दुपारपर्यंत.

घरी आल्यावर ब्रॉनीनं विचारलं, "कुठं होतीस?"

"मैदानावर."

"कोण खेळत होतं?"

"कुणीच नाही."

ब्रॉनीनं दोघींसाठी चहाचं पाणी ठेवलं.