आईचा दादा

चूक माझीच. द्वारका चौकात मुंबईच्या बसची वाट बघत उभे होतो, तेव्हा आईला म्हणालो, "दोन वर्षं फक्त. मग सायखेड्यालाच येतो." दोन वर्षांत येणं होणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. रिक्षांच्या गोंगाटात तिनं नेमकं तेवढंच नीट ऐकलं. "दोन ना? बघ हां," म्हणाली.

मस्कतला सगळंच लांबत गेलं. नोकरी, व्हिसा, मग मुलीची शाळा. फोनवर आईचा प्रश्न मात्र तोच, "दोन झाली का रे?" मी हसून विषय बदलायचो. पुढे तिनं विचारणं सोडलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ती सगळंच विसरत चालली होती, हे धाकट्या भावानं सांगितलं तेव्हा कळलं.

या दिवाळीला माफी मागायची, असं ठरवूनच आलो. ओट्यावर बसलेल्या आईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"दादा! पिंपळगावची गाडी मिळाली का रे?"

दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा पिंपळगावचा मामा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. नाक तेवढं माझं त्याच्यासारखं.

"आई, मी संजय." रोज सांगत राहिलो. पासपोर्टवरचा फोटो दाखवला. एकदा आवाज चढला, तशी ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. भावाची बायको मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"भाऊजी, रोज कसली परीक्षा घेता त्यांची? डॉक्टर म्हनले ना, हे आता नाय बरं व्हायचं. दादा म्हनत्यात तं ओ द्या ना!"

ओ देणं म्हणजे मुलगा म्हणून हार मानणं, की उशिरा का होईना, मुलासारखं वागणं? मला अजून कळलेलं नाही. लांब गेलेल्यांनो, तुम्हाला कळलं असेल तर सांगा. मस्कतमध्ये मी 'घरी जाऊन येतो' म्हणतो ते सायखेड्याबद्दल. आणि या घरात मी पाहुणा, तोही दुसऱ्याच्या नावाचा.

भाऊबीजेला तिनं पाट मांडायला लावला. मी बसलो. मंगलनं ताटाला खालून आधार दिला. ओवाळून झाल्यावर आई माझ्या कानाशी वाकली.

"दादा, आमचा संजू आला तं त्याला रागवू नको हां. लेकरू लय लांब हे. दोनच वर्षं म्हनला होता."

ताटात ओवाळणी टाकायची होती, पण हात खिशातून निघेना. मामा मारायचा तशी, जन्मात पहिल्यांदा, मी आईला नावानं हाक मारली.

"शांते, संजू तुझ्याशी खोटं बोलला. दोन वर्षांत येणं होणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्याचं चुकलं गं. त्याला माफ कर."